शेऱ्याचा रकाना

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, बंद पडलेल्या मिलच्या टाइम ऑफिसात माझ्या वडिलांनी साठ हजार रुपयांच्या कागदावर सही केली. त्या वेळी तिथे आम्ही चौघे होतो: बाबा, मिलची जागा विकत घेणाऱ्या बिल्डरचे मॅनेजर परेशभाई, शिक्के मारायला बोलावलेले एक नोटरी आणि मी. साक्षीदार म्हणून मला सही करता आली नाही, कारण अठरा पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. कागदात जिचं नाव होतं ती मणिमासी तेव्हा रेशनच्या दुकानापुढे रॉकेलच्या रांगेत उभी होती. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं.

आमची चाळ मिलच्या आवारातच होती, बडोद्याच्या अगदी मधोमध. स्टेशन चालत पंधरा मिनिटांवर, बाजार दहा मिनिटांवर. खाली चोवीस खोल्या, वर चोवीस, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. खालच्या पहिल्या खोलीच्या बरोबर वर पंचवीस नंबरची, दोनच्या वर सव्वीसची, अशी मांडणी असल्यामुळे सातच्या वर एकतीस येत असे. आम्ही एकतीसमध्ये राहत होतो आणि मणिमासी सातमध्ये. मधली जमीन लाकडी फळ्यांची होती आणि फळ्या जुन्या होऊन त्यांच्यात फटी पडल्या होत्या. आमची जमीन हेच मासीचं छत. त्यामुळे तिच्याकडे काय शिजतंय ते आम्हाला वासावरून कळे आणि आमच्याकडे कोण कोणावर रागावलंय ते तिला शब्दाशब्दानिशी ऐकू जाई. आई फरशी पुसावी तसं फडकं पिळून जमीन पुसायची आणि दोन मिनिटांत खालून आवाज यायचा, "बेन, वर पाऊस सुरू झाला का? खाली माझे खाखरे भिजतात." आई वरूनच म्हणायची, "मग छत्री धरा, मणिबेन. पाटलीणबाईंसारखं घर आहे तुमचं, छत्री नाही होय?"

मासी मेथीचे खाखरे करून विकायची. तव्यावर टाकलेली पातळ पोळी कापडाच्या बोळ्याने दाबत, फिरवत, कडक होईपर्यंत भाजायची. पहाटे पाचला तो दाबण्याचा आवाज सुरू होई आणि त्यापाठोपाठ भाजलेल्या मेथीचा वास फळ्यांमधून वर येई. मला शाळेला उठवायला कधी कोणाला हाक मारावी लागली नाही. मोडलेले, तुकडे पडलेले खाखरे विकता येत नसत, ते ती वर पाठवी. आई त्या डब्यातून थालीपीठ किंवा लसणाची चटणी पाठवी. मासी लसूण खात नसे, तरी डबा परत येताना रिकामाच येई. चटणी कुठे जाते हे विचारायचं नाही असा आमच्या घरात नियम होता. कोकिला, म्हणजे मासीची एकुलती एक मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिनेच एकदा मला आपल्या आईबद्दल सांगितलं होतं, "बा खाते. दिवाबत्ती व्हायच्या आत खाते, म्हणजे देवाला वास जायला नको."

आता ह्या दोन खोल्यांचा इतिहास सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मिलच्या दप्तराप्रमाणे सात नंबरची खोली माझ्या वडिलांच्या नावावर होती आणि एकतीसची मासीचे यजमान रमणभाई यांच्या नावावर. रमणभाई साच्यावर, म्हणजे मागावर, काम करत. त्यांच्या छातीत कापसाची धूळ बसली आणि अकरा पायऱ्यांचा जिना चढायला त्यांना तीन वेळा थांबावं लागू लागलं. बाबा त्यांना जिन्यात बसलेले बघत. एका रविवारी बाबा म्हणाले, "रमणभाई, तुम्ही खाली या, आम्ही वर जातो." रमणभाई म्हणाले, "अने कंपनी?" बाबा म्हणाले, "कंपनीला महिन्याच्या नऊ रुपयांशी मतलब." दोन्ही खोल्यांचं भाडं सारखंच, नऊ रुपये, पगारातून कापलं जाई. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सामानाची अदलाबदल झाली. मी सहा वर्षांची होते. आमचं कपाट जिन्यात अडकलं होतं आणि रमणभाई खाली खुर्चीवर बसून, खोकत खोकत, ते कसं तिरपं करायचं ह्याच्या सूचना देत होते एवढं मला आठवतं. कपाट निघाल्यावर सगळ्या चाळीला शिरा वाटला. आमच्या चाळीत असे व्यवहार तोंडीच होत. दप्तरात जाऊन नाव बदलून घेणं म्हणजे शेजाऱ्यावर अविश्वास दाखवणं, असं मानायचे. दोन वर्षांनी रमणभाई गेले. पुढे मिलही बंद पडली. पण भाडं घ्यायला एक कारकून येत राहिला आणि पावत्या जुन्या नावांनीच फाटत राहिल्या. आमच्या घरात सात नंबरच्या पावत्यांची चवड होती आणि सात नंबरमध्ये एकतीसच्या पावत्यांची.

बाबा मिलच्या घडी खात्यात होते. तयार कापडाची लांबी मोजायची, घडी घालायची आणि किती मीटर भरलं त्याचा शिक्का मारायचा हे त्यांचं काम. एकवीस वर्षांत त्यांच्या शिक्क्याचं कापड एकदाही कमी भरलं नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत, दुसरे सांगत. मिल बंद झाल्यावर ते सायकलने मकरपुऱ्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये जाऊ लागले. मोजण्याची सवय मला त्यांच्याकडून आली. मणिमासी म्हणायची, "ही पोरगी सासरी भाताची शितं मोजून वाढेल." मला ते ऐकून आनंद होई.

मिलची जागा विकली गेली आहे आणि तिथे मोठ्या इमारती होणार आहेत ही बातमी प्रथम नळावर आली. नंतर परेशभाई स्वतः आले. वय तिसाच्या आतलं, बोलणं गोड, सगळ्यांना काका आणि मासी म्हणणारे. खोलीमागे साठ हजार रुपये मिळतील, लहान-मोठं कुटुंब असा भेद नाही, पावसाआधी जागा मोकळी करून द्यायची, असं त्यांनी सांगितलं. आज ही रक्कम हास्यास्पद वाटेल. त्या वेळी मांजलपूरच्या कडेला, जिथे अजून शेतं होती, एका सोसायटीत दोन खोल्यांचं घर नोंदवायला पन्नास हजार लागत. उरलेलं कर्ज काढायचं. म्हणजे साठ हजार ही घर होण्या-न होण्यातली रक्कम होती. मासीचा हिशेब वेगळा होता. तिला घर घ्यायचं नव्हतं. साठ हजार पोस्टात ठेवायचे आणि व्याजातून जवळपास एखादी खोली भाड्याने घ्यायची, म्हणजे खाखऱ्यांची गिऱ्हाइकं सुटणार नाहीत. व्याज किती येईल ते मीच तिला काढून दिलं होतं. तिने ते तीनदा वदवून घेतलं आणि म्हणाली, "बस. मला कोणाच्या दारात जायला नको."

त्यासाठी प्रत्येक घराने एक छापील अर्ज भरायचा होता, गुजरातीत, आणि नंतर माणसं घरोघरी तपासणीला येणार होती. मी मराठी शाळेत शिकले असले तरी माझं गुजराती अक्षर चांगलं होतं आणि मी कॉमर्सला होते. अठ्ठेचाळीसपैकी एकेचाळीस अर्ज माझ्या हातचे आहेत. तीन दिवस मी व्हरांड्यात पाट मांडून बसत होते आणि बायका-पुरुष पावत्यांच्या पुरचुंड्या घेऊन येत होते. खोली नंबर, भाडेकरूचं नाव, शेवटच्या पावतीची तारीख, राहणाऱ्या माणसांची नावं, आणि सगळ्यात उजवीकडे शेरा, असे रकाने होते. शेऱ्याचा रकाना सगळे मोकळा सोडत. कोणी खोलीत पोटभाडेकरू ठेवला होता, कोणाचा भाऊ भावाच्या नावावर राहत होता. "जे पावतीवर आहे ते लिही, बाकी तुझ्यापाशी," असं म्हणून ते जात आणि मी पावतीप्रमाणे लिहीत होते, पण मनात मला ते टोचत होतं.

शेवटी आमचा आणि मासीचा असे दोन अर्ज राहिले. मासी वर येऊन बसली होती. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तपासणीच्या आदल्या दिवशी सामान खाली-वर करू. आम्ही सातमध्ये, मणिबेन एकतीसमध्ये. संध्याकाळभराचं काम. तपासणी झाली की वाटलं तर परत करू."

मासी हसली. "पुन्हा कपाट अडकवू जिन्यात. फक्त ह्या वेळी हुकूम सोडायला ते नाहीत."

मी म्हणाले, "कशाला? ते खोटं होईल. शेऱ्याचा रकाना ह्यासाठीच असतो. खरं काय ते लिहिलं की कोणी बोट दाखवू शकत नाही."

"हिला सगळं पट्टीने आखलेलं लागतं," आई म्हणाली. "बाबांना येऊ दे."

बाबा आमच्या कोऱ्या अर्जावर सही करून रात्रपाळीला गेले होते. सकाळी दहापर्यंत अर्ज द्यायचे होते. मी थांबले नाही. आमच्या अर्जात मी लिहिलं की पावती सात नंबरची असून प्रत्यक्ष वास्तव्य एकतीसमध्ये आहे, आणि मासीच्या अर्जात त्याच्या उलट. दोन्हींच्या खाली लिहिलं की रमणभाईंच्या आजारपणामुळे दोन्ही कुटुंबांनी राजीखुशीने खोल्या बदलल्या आहेत. दोन अर्ज एकमेकांना दुजोरा देत होते. मी ते दोन्ही मोठ्याने वाचून दाखवले. मासी म्हणाली, "मला काय समजे, बेटा. तू लखे ते बराबर." तिने शाईच्या डबीत अंगठा बुडवला. ठसा पुसट उठला म्हणून मी तिला दुसऱ्यांदा उठवायला लावला.

बाबांना मी नंतर सांगितलं. सायकलची किल्ली खिळ्याला अडकवून ते म्हणाले, "खरं लिहिलंस. ठीक आहे." मला त्यात शाबासकी ऐकू आली. आज वाटतं, त्यांना भीती वाटली होती आणि मुलीसमोर ती दाखवता येत नव्हती.

तपासणीला आलेल्या माणसांनी दारं मोजली, पावत्या बघितल्या, कोणाला काही विचारलं नाही. एका घरात तर भाडेकरू सोडून भलतंच कुटुंब पोहे खात बसलं होतं, त्यांनाही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी टाइम ऑफिसच्या भिंतीवर यादी लागली. शेहेचाळीस नावांपुढे साठ हजार आणि दोन नावांपुढे लाल शाईने वादग्रस्त. ती दोन नावं म्हणजे बाबा आणि रमणभाई.

बाबा मला घेऊन परेशभाईंकडे गेले. त्यांनी चहा मागवला. बाबांनी सगळी हकिकत सांगितली, जिन्यात बसणारे रमणभाई, कपाट, शिरा. परेशभाईंनी मान डोलावत ऐकलं.

"जुओ काका," ते म्हणाले, "तुम्ही खोटं सांगता असं कोण म्हणतंय? तुमच्या बेबीने तर इतकं स्वच्छ लिहून दिलंय. पण नियम असा की ज्याच्या नावे खोली त्यानेच राहायचं. परस्पर बदलली म्हणजे दोघांचाही हक्क गेला. माझ्या शेठने तर दोन्ही फायली बाजूला ठेवायला सांगितल्यात."

"मग?"

"एक फाईल मी सोडवू शकतो. तुमची. तुम्ही लिहून द्या की सात नंबर माझी, तिथली बाई माझ्या मेहेरबानीने तात्पुरती राहते, आणि एकतीसवर माझा काही हक्क नाही. तुमची सही होते. रमणभाईंची मी कुठून आणू?"

"आणि ती बाई?"

"ती तुमची कोण लागते, काका?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "शेजारीण," ते म्हणाले.

"नाहीतर कोर्ट आहेच. पंधरा वर्षं धरा. मी तुम्हाला तीन दिवस देतो."

त्या तीन दिवसांत आमच्या घरात सगळं बोलणं कुजबुजत झालं, कारण खाली ऐकू जायला नको होतं. आधी कधी आम्हाला ह्या फळ्यांची अडचण झाली नव्हती. आई म्हणाली, "मणिबेनशी आपलं काही वाकडं नाही. पण सहीने तिचं बुडतंय असं नाही, सही केली नाही तरी तिला काही मिळत नाही. मग आपलंही का घालवायचं?" आणि मग पदर तोंडावर धरून रडायला लागली, तेही आवाज न करता. बाबा म्हणाले की आपण कोर्टात जाऊ, युनियनचा जुना वकील आहे. तेव्हा मी तोंड उघडलं. मी म्हणाले, "वकिलाचेच वीस हजार जातील. आणि पंधरा वर्षांनी साठ हजारांची किंमत आजच्या पंधरा हजारांएवढी असेल." तो हिशेब बरोबर होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कोर्टाचं नाव काढलं नाही. इतकंच ठरलं की पैसे आले की त्यातले अर्धे मासीला द्यायचे, तीस हजार. ते आम्ही तिघांनी मनापासून ठरवलं होतं, हे मी इथे लिहून ठेवते.

सही झाली त्या संध्याकाळी बाबा तिला सांगायला खाली गेले. आई आणि मी वर बसून होतो, दिवा लावला नव्हता. बाबांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मध्येच अडखळत, मध्येच एकच वाक्य दोनदा. खाखरे भाजण्याचा आवाज थांबला होता. मग मासी बोलली. ती म्हणाली, "जाधवभाई, तुम्ही जेवलात की नाही?" बाबा काय म्हणाले ते कळलं नाही. थोड्या वेळाने तवा पुन्हा चुलीवर ठेवल्याचा आवाज आला आणि बोळ्याने दाबणं सुरू झालं. बाबा वर आले, ते तसेच सायकल काढून बाहेर गेले.

चाळ रिकामी झाली तशी रोज एकेक खोली गप्प होत गेली. मासीला कोकिलाने नेलं. कोकिलाचं सासर डभोईला होतं. मी एस.टी. स्टँडपर्यंत तिची पेटी घेऊन गेले. वाटेत ती खाखऱ्यांच्या गिऱ्हाइकांबद्दलच बोलत होती, कोणाला कमी मीठ लागतं, कोण पैसे महिनाअखेरीस देतो. बसमध्ये चढताना म्हणाली, "परीक्षा नीट दे. आकडे चुकवू नको."

पैशांचं असं झालं की साठ हजारांचा चेक आला तो सोसायटीच्या खात्यात गेला. पन्नास नोंदणीचे, सहा हजार दस्ताचे, वीज-पाण्याच्या जोडणीचे अडीच, उरलेल्या दीड हजारात सामान हलवलं आणि एक पंखा आला. अर्धे बाजूला काढले असते तर घर झालं नसतं. हळूहळू देऊ, बाबा म्हणाले. मग कर्जाचा हप्ता सुरू झाला. मांजलपूरच्या घरात सिमेंटची जमीन होती, खालून कसलाही वास येत नसे, आणि पहिले काही आठवडे मला वेळेवर जाग येत नव्हती. शहरात काम निघालं की बाबा मिलच्या रस्त्याने जायचं टाळत. मुख्य म्हणजे ते काही मोजेनासे झाले. दूधवाल्याचा हिशेब आईने बघायचा, भाजीचे सुटे पैसे न बघता खिशात टाकायचे. एकवीस वर्षं खरा शिक्का मारलेल्या माणसाकडून मी एक खोटा कागद लिहवून घेतला होता, तोही खरं लिहिण्याच्या हौसेपायी. ते हयात असेपर्यंत आम्ही दोघं ह्यावर एकदाही बोललो नाही.

आणि एवढी घाई कशासाठी, तर कशासाठीच नाही. चाळ पाऊस लागता लागता पाडली. मग बिल्डर आणि सरकार ह्यांच्यात काही खटला लागला आणि त्या जागेवर वर्षानुवर्षं वेड्या बाभळी वाढल्या. तीन टॉवर उभे राहिले ते अगदी अलीकडे. मागच्या वर्षी माझी मुलगी मला तिथे नमुन्याचा फ्लॅट दाखवायला घेऊन गेली. विकणारी मुलगी गोड होती, हातात टॅब घेऊन बेडरूमची मापं सांगत होती. मी तिला विचारलं, पूर्वी इथे काय होतं? ती म्हणाली, "काही नव्हतं, मॅडम. नुसती मोकळी जागा होती." मिलच्या आवाराच्या उरलेल्या जुन्या भिंतीवरून मी अंदाज घेतला. सात नंबरची जागा आता गाड्या तळघरात उतरतात त्या उतारावर येते. त्यांच्या दराने दहा बाय बाराच्या खोलीचे किती होतात ते माझ्या डोक्यात आपोआप निघालं. ते मी इथे लिहीत नाही.

कॉलेज संपल्यावर मला मकरपुऱ्यालाच एका कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी लागली. पहिल्या पगारानंतर मी साडी आणि पाचशे रुपये घेऊन डभोईला गेले. मासी ओसरीत बसून तांदूळ निवडत होती. खूप बारीक झाली होती. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, पगार किती ते विचारलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मी माफीसारखं काही बोलायला लागले तर म्हणाली, "तू खोटं कुठे लिहिलंस, बेटा?"

परत निघताना कोकिला नाक्यापर्यंत आली. तिच्याकडून मला कळलं ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मुलीच्या घरचं अन्न आई-बापाने फुकट खायचं नाही, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं मासीच्या पिढीचं वळण. राहायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती राहिली, पण पहिल्याच दिवशी तिने कोकिलाच्या सासूला सांगितलं की मी जेवणाचे महिना शंभर रुपये देईन, नाहीतर जेवणार नाही. सासू जशोदाबेन भली बाई होती, ती नको नको म्हणाली. पण मासी ताटावर बसेना. मग सासू पैसे घेऊ लागली. डभोईत मासी चार घरी तांदूळ-गहू निवडायला जाई आणि दर महिन्याला शंभर रुपये पुढे ठेवी. मी दिलेले पाचशे तिने त्याच दिवशी जशोदाबेनकडे देऊन पुढचे पाच महिने चुकते केले होते.

बसमध्ये मी ठरवलं की तीस हजार पूर्ण करून एकदम द्यायचे, म्हणजे तिला पुन्हा बडोद्यात खोली घेता येईल. बँकेत आवर्ती ठेव उघडली, महिना सव्वासातशे, छत्तीस महिने. व्याज धरून तीस हजारांच्या थोडं वर जात होते. मधल्या काळात मी दोनदा डभोईला गेले, फळं घेऊन. पैसे नेले नाहीत, कारण ते मोडले असते तर आकडा पूर्ण झाला नसता. मासीची नजर कमी होत चालली होती आणि निवडलेल्या तांदळात खडे राहतात म्हणून कामं सुटली होती, हे मी बघितलं होतं. मला वाटलं, आता थोडेच महिने राहिलेत.

चार हप्ते बाकी असताना कोकिलाच्या नवऱ्याचा फोन ऑफिसात आला. मासीला जाऊन सहा दिवस झाले होते.

मी ठेव मोडली. पंचवीस हजार आणि वर काही रुपये आले. ते घेऊन मी तेराव्याच्या आधी डभोईला पोचले आणि पाकीट कोकिलाच्या हातात ठेवलं. तिने ते उघडलंही नाही. शेजारी पाटावर ठेवलं.

"हे कधीपासून जमवत होतीस?" तिने विचारलं.

मी सांगितलं. बत्तीस महिने.

"बत्तीस महिन्यांतल्या कुठल्याही महिन्यात आणले असतेस," कोकिला म्हणाली, "जेवढे होते तेवढे, तर तिने एक खोली घेतली असती. कोपऱ्यावरच होती, सत्तर रुपये भाड्याची. दोन वर्षं ती रोज जाता-येता त्या खोलीचं दार बघायची. आता मी ह्याचं काय करू, शैला?"

ती रडत नव्हती. मी पाकीट परत घ्यावं म्हणून तिने ते माझ्याकडे सरकवलं. मी तिच्याकडे सरकवलं तर तिने पुन्हा सरकवलं. आत जशोदाबेन भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी तिच्याकडे कधी मागितले नाहीत हो, देवाशपथ. काम सुटलं तेव्हापासून म्हणत होते, राहू द्या. पण शेवटी शुद्ध होती तोवर रोज एकच बोलायची, माझं देणं राहून जाईल, अकरा महिने झाले."

मी कोकिलाकडे बघितलं. तिने पाकीट माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "तेवढे दे. ते तिचे आहेत."

मी पाकिटातून शंभराच्या अकरा नोटा मोजून काढल्या आणि जशोदाबेनना दिल्या. त्यांनी त्या घेतल्या.